पिवळ्या बत्तीवरची काळी पट्टी

कवडूजी खोब्रागडे आणि मी पोलाद कारखान्यात एकाच खात्यात होतो, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांच्या खात्यात. ते माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. मी कामाला लागलो त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली, प्रेशर गेजची काच पुसायला. "आधी काच पूस, मग काट्याले नाव ठेव," ते म्हणाले. कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांच्या, बाजूला तेलकट काजळी इतकी, की दर पाळीला काच आंधळी व्हायची. बाकीचे अंदाजाने आकडा लिहून मोकळे होत. कवडूजी शिडी लावून वर चढत, काच पुसत आणि मगच वहीत लिहीत.

अलार्मच्या बाबतीत तर ते फारच कडक होते. एखादा अलार्म बिघडून उगाच वाजत राहिला, तर तो तात्पुरता बंद करावा लागतो. त्यात चूक काही नाही, पण त्याची रीत आहे. साहेबाची सही घ्यायची. पाळीच्या वहीत नोंद करायची. अलार्मच्या जागी एक माणूस लक्ष ठेवायला उभा करायचा. आणि त्या बटणावर लाल पाटी टांगायची, म्हणजे पुढच्या पाळीत येणाऱ्याला कळतं की इथला अलार्म आता बोलणार नाही. कामावरच्या एका जोडीदाराने एकदा पाटी न टांगता अलार्म बंद केला होता. काही झालं नाही, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. तरी कवडूजी त्याच्यासोबत सहा महिने चहाला गेले नाहीत.

म्हणून पुढे त्यांच्या हातून जे झालं ते खात्यातल्या जुन्या लोकांना आधी खरं वाटेना. मी ते थोडं त्यांच्याकडून ऐकलं, थोडं चंपाबाईंकडून, आणि त्यातलं एक माझ्या डोळ्यांसमोर झालं.

रिटायर झाल्यावर कवडूजींनी कारखान्याचं क्वार्टर सोडलं आणि जवळच्या रुआबांधा वस्तीत दोन खोल्यांवर दोन खोल्या असं घर बांधलं. घरात चौघं. ते, त्यांच्या पत्नी चंपाबाई, मुलगा सुगत आणि मुलगी आम्रपाली. सुगत एका ठेकेदाराकडे क्रेनवर कामाला. त्याच्या पाळ्या बदलत्या, म्हणून तो मोटारसायकलने जायचा. आम्रपालीने डिप्लोमा केला होता आणि रेल्वेच्या परीक्षा देत होती.

गाडी घेतली ती चंपाबाईंच्या डोळ्यांसाठी. साखरेने त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज आली होती आणि दर महिन्याला दुर्गच्या दवाखान्यात डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे. पहिल्यांदा त्या ऑटोने परत आल्या. रस्त्यावरची धूळ डोळ्यात गेली आणि पुढचे आठ दिवस त्या अंधाऱ्या खोलीत पडून होत्या. त्यानंतर कवडूजींनी एकाची जुनी, पण चांगली ठेवलेली गाडी घेतली. गाडी चालवायला ते साठीनंतर शिकले. एखादं नवं मशीन समजून घ्यावं तशी त्यांनी ती समजून घेतली. गाडीसोबत आलेलं पुस्तक त्यांनी पेन्सिलने खुणा करत वाचून काढलं.

त्या गाडीच्या चारही चाकांत हवेचा दाब मोजणारे सेन्सर होते. एखाद्या चाकातली हवा कमी झाली की समोरच्या मीटरमध्ये पिवळी बत्ती लागायची. कवडूजींना त्याचं फार कौतुक. थंडीत सकाळी एकदा ती लागली, तेव्हा त्यांनी चंपाबाईंना बाजूला बसवून समजावून सांगितलं. थंडीनं हवा आकसते, दाब उतरतो, म्हणून बत्ती लागली. घाबरायचं काही नाही, थोडी हवा भरली की जाईल. रुआबांधा चौकात टिकाराम साहूचं पंक्चरचं दुकान होतं. तिथे हवा भरली आणि बत्ती गेली.

चंपाबाईंना ही बत्ती कौतुकाची वाटली नाही, आधाराची वाटली. त्याला कारण होतं. त्यांचा धाकटा भाऊ नागपूरच्या रस्त्यावर, देवरीच्या अलीकडे, जीपचं टायर फुटून गेला होता. तेव्हापासून त्या कुठल्याही गाडीत बसल्या की हाताची मूठ आवळून बसत. आता त्या आधी मीटरकडे पाहत. बत्ती नाही ना, मग मूठ सुटायची. दवाखान्याच्या फेऱ्या सुरळीत सुरू झाल्या आणि सूज उतरतेय, असं डॉक्टर म्हणू लागले.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत बत्ती पुन्हा लागली, पण या वेळी वेगळी. गाडी सुरू केली की मिनिटभर लुकलुक करायची आणि मग लागूनच राहायची. कवडूजींनी आपल्या गेजने चारही चाकं तपासली. हवा बरोबर होती. मोठ्या गॅरेजमध्ये मशीन लावून पाहिलं, तर मागच्या डाव्या चाकातला सेन्सरच मेला होता. त्याच्या आतली बॅटरी संपली होती आणि ती वेगळी बदलता येत नाही, पूर्ण सेन्सर बदलावा लागतो. त्या मॉडेलचा सेन्सर रायपुरातही नव्हता. मागवून देतो, दीड-दोन महिने लागतील, असं गॅरेजवाल्याने सांगितलं.

"तवरिक ही बत्ती अशीच राहीन का?" चंपाबाईंनी विचारलं.

"राहीन. पण चाकं बरोबर आहेत, चंपा. बत्ती बिघडली, चाक नाही बिघडलं."

"हे तुमाले कसं समजलं?"

"मी मोजलं न."

"इथी मोजलं. रस्त्यात कोण मोजते?"

प्रश्न बरोबरच होता. फेब्रुवारीच्या इंजेक्शनची तारीख आली. चंपाबाई तयार झाल्या, गाडीत बसल्या, बत्ती लुकलुकली आणि लागून राहिली. त्यांनी दार उघडलं आणि त्या खाली उतरल्या. ऑटोने जायला तयार नव्हत्या, या गाडीनेही नाही. तारीख गेली. दहा दिवसांनी त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाकडे दिसायला लागले. कवडूजी एकटेच दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना भेटून आले. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर केलात तर जे जाईल ते परत येणार नाही.

घरी येताना त्यांनी ठरवलं. अवजारांच्या डब्यात काळा इन्सुलेशन टेप होता. त्यांनी ब्लेडने त्याचा नखाएवढा तुकडा कापला आणि मीटरच्या काचेवर बरोबर त्या बत्तीवर बसवला. मीटरची पाटीही काळीच, त्यामुळे टेप आहे हे कोणाला सांगूनही दिसलं नसतं. चाळीस वर्षं बारीक काम केलेला हात होता तो.

मग त्यांनी स्वतःला एक काम लावून घेतलं. रोज सकाळी सहाला उठून चारही चाकांची हवा स्वतःच्या गेजने मोजायची आणि एका वहीत लिहायची. म्हणजे साहेबाची सही आपलीच, वहीत नोंद केली, अलार्मच्या जागी माणूस उभा केला. मला हे सांगताना ते बोटं दुमडून मोजत होते. तीन बोटं दुमडून झाल्यावर थांबले. चौथी गोष्ट, लाल पाटी, त्यांनी टांगली नाही. ती टांगली असती, तर चंपाबाईंना दिसली असती.

त्या रविवारी सुगत गाडीत काहीतरी शोधायला बसला आणि त्याने विचारलं, "बाबा, ती बत्ती गेली का? सेन्सर आला क्या?"

चंपाबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. कवडूजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"हाव," ते म्हणाले. "गेली."

दोन दिवसांनी चंपाबाई गाडीत बसल्या, मीटरकडे पाहिलं, आणि दुर्गला जाऊन इंजेक्शन घेऊन आल्या.

पाच आठवडे सगळं ठीक चाललं. सकाळचं मोजणं एकदाही चुकलं नाही. मधे मागच्या उजव्या चाकात हवा कमी आढळली, तर त्यांनी तेव्हाच ते टिकारामकडे नेलं. त्याने खिळा काढून पंक्चर बनवून दिलं. सेन्सर अजून आला नव्हता.

मार्चच्या शेवटी आम्रपालीला रेल्वेचं पत्र आलं. असिस्टंट लोको पायलटची लेखी परीक्षा ती पास झाली होती आणि रायपूरला मेडिकलला बोलावलं होतं. सकाळी आठला हजर व्हायचं होतं. ती म्हणत होती की मी लोकलनं जाते, पण सुगतने ऐकलं नाही. बहिणीच्या मेडिकलला तो स्वतः गाडीने नेणार होता. त्याने पाळी बदलून घेतली.

नेमके तेव्हा कवडूजी तापाने पडले. तीन दिवस उठताच आलं नाही, पहिल्या दिवशी तर त्यांना वारसुद्धा आठवत नव्हता. चाकं मोजणं अर्थातच राहिलं. मेडिकलच्या दिवशी सकाळी सुगत चावी घ्यायला खोलीत आला. आम्रपाली मागे फाइल घेऊन उभी होती. चंपाबाई पलंगाच्या काठावर बसून पातळ वरण भरवत होत्या.

"हवा पाहून घेजो," कवडूजी म्हणाले.

"बत्ती नाही न लागली, बाबा," सुगत म्हणाला. "कम होती तो बताती न. लेट हो रहा है."

कवडूजींच्या तोंडात वरणाचा चमचा होता. ते मला म्हणाले, "मी तो घास गिळला. गिळून झाल्यावर बोलता आलं असतं. चंपा समोर होती. मी इचार केला, तीन दिवसांत काय होते."

मुलं गेली.

रायपूरच्या वाटेवर, चरोद्याच्या पुढे, मोठ्या रस्त्यावर मागचं उजवं चाक बसलं. त्यात नवा खिळा होता, आधीच्या पंक्चरपासून चार बोटं लांब. हवा दोन-तीन दिवस हळूहळू निघत राहिली असावी. अर्ध्या हवेवर ते टायर वेगात धावलं, तापलं आणि बाजूने फाटलं. गाडी मागून सरकली, सुगतने ब्रेक दाबला आणि ती पूर्ण फिरून डाव्या बाजूने दुभाजकावर जाऊन आदळली. मागे एक ट्रक होता, तो वेळेवर थांबला म्हणून दोघं वाचली. सुगतच्या कपाळाला पाच टाके पडले. आम्रपालीचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

मेडिकल अर्थातच झाली नाही. रेल्वेला अर्ज केला, तर पुढची तारीख कळवू, असं उत्तर आलं. कधी, ते लिहिलेलं नव्हतं.

सुगतने पहिल्या दिवसापासून सगळं स्वतःवर घेतलं. मी ऐंशीनं चालवत होतो, मी ब्रेक दाबायला नको होता, असं तो येईल त्या प्रत्येकाला सांगायचा. आम्रपालीचं प्लास्टर पाहिलं की खोलीतून निघून जायचा. त्याने गाडी सोडाच, मोटारसायकलही बंद केली. तो आता कंपनीच्या बसने कामाला जायचा. क्रेनवर तो उचललेला माल मधेच थांबवून बसतो, अशी तक्रार ठेकेदाराच्या माणसाने केली आणि त्याला आठ दिवस खाली बसवून ठेवलं.

गाडी सुपेल्याच्या एका गॅरेजमध्ये ओढून नेली होती. ताप उतरल्यावर कवडूजी कागदपत्रं आणायच्या निमित्ताने तिथे गेले. आत बसून त्यांनी नखाने ती पट्टी काढली, बोटात चोळून तिची गोळी केली आणि बाहेरच्या नालीत टाकली. काचेवर गोंद राहिला होता, तो थुंकी लावून पुसला. 

त्यांनी मनाची समजूत घालून पाहिली. बत्ती तशीही आंधळीच होती. पट्टी नसती तरी ती डाव्या चाकामुळे लागलेलीच असती, उजव्याची हवा गेली हे तिने वेगळं काय सांगितलं असतं? यंत्र म्हणून हे बरोबर होतं. चार-पाच दिवस त्यांनी याच्यावर काढले. पण बत्ती दिसली असती, तर सुगत न मोजता निघाला नसता, हेही त्यांना माहीत होतं. मुलगा त्यांनीच वाढवला होता.

तेवढ्यात दुसरंच सुरू झालं. आम्रपालीला पाहायला बुद्धविहारातले लोक येत होते. त्यातल्या कोणीतरी विचारलं, टायर फुटलं कोणतं? मागचं उजवं. त्याचं पंक्चर कोणी बनवलं होतं? टिकारामनं. मग झालं. टिकाराम हलकं सामान लावतो, त्याने पोरीचा जीव घेतला असता, अशी बोलणी दोन दिवसांत सगळ्या मोहल्ल्यात पसरली. सुगतलाही ते पटलं. इतके दिवस जे ओझं त्याच्या छातीवर होतं, ते ठेवायला एक जागा मिळाली. एका संध्याकाळी तो बसमधून उतरून सरळ टिकारामच्या दुकानावर गेला. कवडूजी त्याच वेळी औषध घेऊन चौकातून येत होते. मुलाचा आवाज ऐकून तेही तिथे पोहोचले.

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. टिकाराम पन्नाशीचा, हडकुळा माणूस. पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहत होता. तो उठून उभा राहिला. हातातून पाणी गळत होतं.

"मेरी बहन का हाथ टूट गया तुम्हारे पंचर से," सुगत म्हणाला. "नौकरी जा रही है उसकी. कुछ मालूम है?"

"भैया, पंचर तो वैसा का वैसा लगा है उसमें," टिकाराम म्हणाला. "मैं गॅरेज जाके देख के आया. छेद दूसरा है."

"झूठ मत बोलो."

टिकारामने ओले हात पँटला पुसले. मग त्याने कवडूजींकडे पाहून विचारलं, "चाचा, मीटर में पीली बत्ती नहीं जली थी क्या? हवा धीरे निकलती है तो वो जलती है न. आप ही ने तो बताया था मेरे को."

"नहीं जली," सुगत म्हणाला. "मैं चला रहा था. जली होती तो दिखती नहीं मेरे को?"

सगळे कवडूजींकडे पाहू लागले, कारण यंत्रातलं कळणारे तेच. कवडूजींनी सुगतचा दंड धरला आणि म्हणाले, "चल घरी." एवढंच. टिकाराम तसाच उभा होता. ते वळले, तेव्हा गिऱ्हाइकांपैकी एकाने आपली मोटारसायकल स्टँडवरून काढली आणि पंक्चर न बनवताच ढकलत पुढच्या दुकानाकडे नेली.

कवडूजी मला म्हणाले की अपघाताच्या दिवसापेक्षा तो दिवस वाईट गेला. त्यांचं जेवण सुटलं. चंपाबाईंना वाटलं, ताप परत आला. चौथ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले होते. आम्रपाली डाव्या हाताने कालवत होती आणि भात ताटाबाहेर सांडत होता. कवडूजींनी ताट पुढे सरकवलं.

"सुगत," ते म्हणाले, "बत्ती गेली नव्हती. मी तिच्यावर टेप लावला होता."

सुगतला आधी कळलंच नाही. कवडूजींनी सगळं सांगितलं. सेन्सर, डॉक्टर, पट्टी, सकाळचं मोजणं, त्या दिवशी गिळलेला घास, गॅरेजमधली नाली. काही वगळलं नाही.

"तुम्ही म्हणलं होतं, गेली," सुगत म्हणाला.

"हाव."

"मी तुमाले विचारलं होतं, बाबा."

"हाव. इचारलं होतं तू."

"आणि मी बावीस दिवस..."  सुगत हात न धुताच उठला आणि बाहेर गेला.

आम्रपाली म्हणाली, "टिकाराम भैयाच्या दुकानावर तुम्ही तिथीच उभे होते न, दादा ओरडला तेव्हा?"

"होतो."

तिने मान खाली घातली आणि पुन्हा डाव्या हाताने घास घेतला. 

चंपाबाईंनी ताटं उचलली. मग त्या कवडूजींसमोर येऊन बसल्या. त्या मला नंतर म्हणाल्या की त्यांना राग आला तो पोरीच्या हाताचा नाही, दुसराच आला.

"माह्यासाठी लावला टेप?" त्यांनी विचारलं.

"तुह्या डोळ्यांसाठी."

"मले भेव वाटत होतं, हे खरं आहे. पण मी लहान लेकरू नाही. तुम्ही मले म्हणलं असतं, चंपा, बत्ती लागून राहीन, तू डोळ्यावर रुमाल ठेवून बस, तर मी बसली असती. रडत बसली असती, पण बसली असती. तुम्ही मले सांगतलंच नाही. मी त्या काचेकडे पाहून देवासारखा भरोसा ठेवून राहिली होती, आणि तिथी तुमची पट्टी होती."



दुसऱ्या दिवशी ते टिकारामकडे गेले आणि जे खरं ते सांगितलं. टिकाराम टायरचा रिम ठोकत होता. ऐकून घेतल्यावरही ठोकत राहिला. मग म्हणाला, "चाचा, आपने मेरे को बता दिया, ठीक है. मेरे को तो पहले से मालूम था कि मेरी गलती नहीं. जिनको नहीं मालूम उनको कौन बताएगा?"

त्या रविवारी मी विहारात होतो. वंदना झाली, आणि सगळे उठणार तेवढ्यात कवडूजी पुढे जाऊन उभे राहिले. विहारात ते कधी बोलत नसत, मागे खांबाजवळ बसायचे. लोकांना वाटलं, पोरीच्या तब्येतीबद्दल काही सांगतील. त्यांनी जय भीम केला आणि म्हणाले, "टिकाराम साहूच्या पंक्चरनं टायर नाही फाटलं. खिळा दुसरा होता. आणि सुगतही चुकला नाही. गाडीतली हवेची बत्ती मी टेप लावून झाकली होती आणि पोराले खोटं सांगतलं होतं. माही चूक आहे. तुम्ही टिकारामकडे जाणं बंद केलं असन, तर जा."

 एका म्हाताऱ्या बाईने साधू साधू म्हटलं, पण तेही अर्धवट. असं सगळ्यांसमोर ऐकायची लोकांना सवय नसते, त्यांना लाज वाटली, जणू त्यांचीच चूक पकडली गेली होती. दोघं-तिघं चपला घालून पटकन निघून गेले. एक जण मला बाहेर म्हणाला की घरातली गोष्ट घरात ठेवायला पाहिजे होती. मला तसं वाटलं नाही. पण तेव्हा मीही त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो नाही, हे मला इथे सांगितलं पाहिजे.

टिकारामचं काम हळूहळू परत आलं, सगळं आलं नाही. काही लोकांनी ऐकलं नव्हतं, काहींनी ऐकूनही नवीन दुकानाची सवय सोडली नाही. कवडूजींशी तो नीट वागतो, पण त्यांना बसायला स्टूल देत नाही, पूर्वी द्यायचा.

सुगत दोन-तीन महिन्यांत क्रेनवर परत चढला. वडिलांबद्दलचा राग त्याने भांडून काढला नाही. तो त्यांच्याशी हिंदीत बोलायला लागला, एवढंच. त्यांच्या घरात आजवर बाहेरच्यांशी हिंदी आणि आपसात मराठी अशी रीत होती. आईशी आणि बहिणीशी तो मराठीतच बोलतो. वडिलांना म्हणतो, "खाना खा लिया क्या?" कवडूजी मराठीत उत्तर देतात.

आम्रपालीला जुलैमध्ये दुसरी तारीख मिळाली. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट पूर्ण वळत नव्हतं. तिला तात्पुरतं अनफिट लिहून दिलं आणि तीन महिन्यांनी परत बोलावलं. त्या तीन महिन्यांत ती रोज पाण्याने भरलेली बादली उजव्या हाताने उचलून गच्चीवर नेत होती. ऑक्टोबरमध्ये ती पास झाली. पावसाळी दिवसांत हात अजून ठणकतो, पण ते ती कोणाला सांगत नाही, चंपाबाईंनाच कळतं.

चंपाबाईंचं एक इंजेक्शन अपघाताच्या गडबडीत पुन्हा हुकलं होतं. उजव्या डोळ्याचं जे गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. डावा बरा आहे. गाडी दुरुस्त होऊन आली, नवा सेन्सरही बसला. तरी पहिल्या दिवशी त्या गाडीत बसायला गेल्या तेव्हा मूठ आवळलेलीच होती. बत्ती लागलेली नव्हती. त्या कवडूजींना म्हणाल्या, "खाली उतरा. मले मोजून दाखवा."

कवडूजी उतरले. चंपाबाई प्रत्येक चाकापाशी त्यांच्यासोबत वाकून उभ्या राहिल्या. त्यांना गेजवरचे आकडे नीट दिसत नव्हते, म्हणून त्यांनी आम्रपालीला हाक मारून वाचायला लावलं. आम्रपालीने चारही आकडे मोठ्याने वाचले. मग तिघं दुर्गला निघाली.